चाळीस हजार चौकोन आणि एक टेलिफोन डिरेक्टरी

पश्चिम फ्रान्समधलं शोले हे गाव, साल 1960. फ्रांस्वा मोरेले चौकटी आखलेला कागद पुढ्यात घेऊन बसला आहे. घराण्याचा खेळण्यांचा कारखाना तो सांभाळतो आणि उरलेला वेळ चित्रांना देतो. घरातलं कुणीतरी, कधी पत्नी तर कधी मुलं, टेलिफोन डिरेक्टरी उघडून त्याला आकडे वाचून दाखवतंय. नंबरांचे सुरुवातीचे आकडे गाळायचे, कारण ते पुन्हापुन्हा तेच येतात, त्यापुढचे वाचायचे. सम आकडा आला की मोरेले चौकटीत फुली मारतो. विषम आला की चौकट रिकामी ठेवून पुढे सरकतो. फुलीच्या चौकटी नंतर निळ्या रंगवल्या जातात, रिकाम्या राहिलेल्या लाल. एका ओळीत 200 चौकोन, अशा 200 ओळी. एकूण 40,000.

या चित्राच्या नावातच त्याची सगळी कृती सांगितली आहे: ‘टेलिफोन डिरेक्टरीतल्या सम-विषम आकड्यांनुसार 40,000 चौकोनांची यादृच्छिक वाटणी, 50 टक्के निळे, 50 टक्के लाल’. चित्र आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. लांबी-रुंदी प्रत्येकी 103 सेंटीमीटर, म्हणजे एकेक चौकोन जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा. लांबून बघितलं तर लाल-निळ्याची नुसती खळबळ दिसते, नजर कुठे टेकायलाच मिळत नाही. जवळ गेलं की त्या खळबळीतून आकार निघू लागतात. इथे एक जिना, तिथे एक आकडा, कुठे बेटासारखा निळा ठिपका, कुठे शेपूट वर केलेलं कुठलंसं जनावर. यातलं काहीही कुणी काढलेलं नाही. मोरेलेने नियम ठरवला, डिरेक्टरीने रंग ठरवले, आणि ते जनावर कुठून आलं या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणीच उरलं नाही.

हे चित्र मला विसाव्या शतकातल्या मोठ्या चित्रांपैकी एक वाटतं. त्यामागचं कारण समजून घ्यायला हातात फक्त गणिताची चौकटींची वही आणि एक नाणं पुरे.

आधी नाणं बाजूला ठेवा. वहीत 200 चौकटींची एक लांब ओळ धरा, ती पानावरून पानावर गेली तरी चालेल, आणि मनानेच ‘छापा’ आणि ‘काटा’ भरत जा, जणू खरंच नाणं उडवताय. मग दुसऱ्या ओळीत नाणं खरोखर उडवून भरा. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की कुठली मनाची आणि कुठली नाण्याची हे बहुतेक वेळा चटकन ओळखता येतं. मनाची ओळ फार समजूतदार असते. तीन-चार छापे लागोपाठ झाले की हात आपोआप काट्याकडे वळतो, कारण पाचवा छापा लिहिणं ‘खोटं’ वाटतं. नाण्याला असला संकोच नाही. 200 वेळा नाणं उडवलं तर त्यात निदान सहा सारखी दानं लागोपाठ पडण्याची शक्यता 96 टक्क्यांहून जास्त आहे. सात किंवा आठ लागोपाठ पडली तरी त्यात नवल काही नाही.

मोरेलेच्या चित्राची प्रत्येक ओळ बरोबर 200 चौकोनांची आहे, म्हणजे हाच प्रयोग तिथे एकाखाली एक 200 वेळा मांडलेला आहे. गणिताला विचारलं तर ते आणखी पुढचं सांगतं. अशा जाळीत दोन बाय दोनचा, चारही चौकोन एकाच रंगाचे असलेला गठ्ठा साधारण 4,950 ठिकाणी सापडायला हवा. तीन बाय तीनचा एकरंगी गठ्ठा दीडशेच्या आसपास जागी. चार बाय चारचा, म्हणजे सोळाच्या सोळा चौकोन लाल किंवा सोळाच्या सोळा निळे, असा सरासरी एखादाच. आणि सुमारे अडीच हजार चौकोन असे, की ज्यांच्या चारही बाजूंना विरुद्ध रंगाचे शेजारी आहेत.

यातली मला सर्वांत चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. तीन बाय तीनच्या चौकटीत बुद्धिबळाच्या पटासारखी तंतोतंत एकाआड एक रांग लागण्याची शक्यता, नऊही चौकोन एकरंगी असण्याच्या शक्यतेइतकीच आहे. त्यामुळे चित्रात दीडशेच्या आसपास एकरंगी गठ्ठे असतील, तर दीडशेच्या आसपास चिमुकले पटही असणार. पण डोळा गठ्ठ्यांवर अडतो आणि पटांवरून घसरून जातो. चित्राने दोघांना सारखाच मान दिला आहे. पक्षपात आपल्या नजरेचा आहे. आपण सारखेपणाला ‘आकार’ म्हणतो आणि एकाआड एकला ‘पार्श्वभूमी’. ही सवय आपल्यात किती खोल रुजली आहे, हे कळायला असं एखादं चित्र लागतं, ज्यात चित्रकाराने स्वतः कुणाचीच बाजू घेतलेली नाही.

आणि इथेच या साऱ्या प्रकाराचं मर्म आहे. एक चौकोन घेऊन नाणं उडवलं आणि तो लाल रंगवला, तर त्यात योगायोग कुणालाही दिसणार नाही. दिसेल फक्त एक लाल चौकोन. योगायोग डोळ्यांना दिसायला हवा असेल तर बाकीचं सगळं काटेकोरपणे सारखं ठेवावं लागतं: आकार तोच, माप तेच, अंतर तेच, रंग दोनच. मग जे काही वेगळं दिसतं ते सगळं योगायोगाचं. पुनरावृत्ती आणि योगायोग हे शत्रू आहेत असं आपण धरून चालतो, एक शिस्तीचा आणि दुसरा स्वैर. भौमितिक अमूर्त चित्रकारांच्या एका छोट्या गटाला विसाव्या शतकाच्या मध्यावर उमगलं, की पहिल्याशिवाय दुसरा दिसतच नाही. मोरेलेने 40,000 वेळा तेच केलं, म्हणून आपल्याला एवढं वैविध्य दिसलं.

त्याच्याही आधी हे दार किलकिलं करणारा जाँ आर्प. पहिल्या महायुद्धाच्या काळात झुरिकमध्ये, 1916-17 च्या सुमारास, त्याने योगायोगाच्या नियमांप्रमाणे मांडलेले म्हणून ओळखले जाणारे कोलाज केले. कागदाचे तुकडे जमिनीवर टाकायचे आणि पडतील तिथे चिकटवायचे, अशी त्याची गोष्ट सांगितली जाते. पण त्यातला प्रसिद्ध कोलाज पाहा: फाडलेले चौकोन एकमेकांना जवळजवळ न झाकता, बेताबेताने अंतर राखून बसले आहेत. खरोखर हवेतून पडलेले कागद इतके सभ्य नसतात. तुकडे पडल्यावर हाताने त्यांना थोडं सावरलं असावं, असं ते पाहताना वाटल्याशिवाय राहत नाही. आर्पचं महत्त्व त्याने कमी होत नाही. फक्त त्याच्याकडे जाळी नव्हती, आणि जाळी नसली की योगायोग आणि चित्रकाराचा हात यांत फरक कसा करायचा हे पाहणाऱ्याला कळत नाही.

जाळी आणली एल्सवर्थ केलीने. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेला हा अमेरिकन तरुण सरकारच्या सैनिक-शिक्षणाच्या योजनेवर 1948 मध्ये पॅरिसला आला. 1950 मध्ये त्याची आर्पशी भेट झाली. पुढच्याच वर्षी, पॅरिसच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारे गोंद लावलेले रंगीत कागद घेऊन, त्याने ‘योगायोगाने मांडलेले वर्णपटाचे रंग’ ही आठ कोलाजांची मालिका केली. क्रमांक टाकलेल्या चिठ्ठ्या, एकेका क्रमांकाला एक रंग, असे अठरा रंग. चिठ्ठी निघेल तो रंग जाळीतल्या चौकोनात. आठही कोलाजांत वाटणीची रीत थोडी थोडी बदललेली. या मालिकेतून उरलेल्या रंगीत चौकोनांतून पुढे ‘मोठ्या भिंतीसाठी रंग’ हे 64 फलकांचं चित्र जन्मलं.

त्याच वर्षीचं केलीचं ‘सेन’ हे काळ्या-पांढऱ्यातलं चित्र मला या सगळ्यांहून लाडकं आहे. सेन नदीच्या पाण्यावर प्रकाशाचं प्रतिबिंब तुटून लखलखतं, ते त्याला पकडायचं होतं. पाण्याची चमक हुबेहूब रंगवायला बसला असता तर हाती एक क्षण लागला असता, आणि तोही गोठलेला. त्याने जाळी आखली. एका टोकाच्या उभ्या रांगेत फक्त एक काळा चौकोन, कोणता ते चिठ्ठी सांगणार. पुढच्या रांगेत दोन, मग तीन, असं वाढत वाढत मध्यावर रांग पूर्ण काळी. तिथून पुन्हा एकेक कमी होत दुसऱ्या टोकाला एक. किती काळे हे नियमाने ठरलेलं, कुठे काळे हे योगायोगाने. आणि पाहणाऱ्याला खरंच पाणी दिसतं, उजेडातून अंधारात जाणारं आणि परत उजेडात येणारं. पाण्याची नक्कल न करता, पाणी ज्या पद्धतीने प्रकाश विखुरतं ती पद्धतच त्याने वापरली.

केली आणि मोरेले पॅरिसमध्येच एकमेकांचे मित्र झाले होते. मोरेलेवर आणखी एक खोल ठसा होता: 1952 मध्ये स्पेनमधल्या ग्रानादाचा आल्हाम्ब्रा राजवाडा त्याने पाहिला. तिथल्या भिंतींवरची फरशीकामं चौकटीच्या कडेला येऊन थांबतात, पण तिथे संपली असं वाटत नाही. नक्षी भिंतीपलीकडे चालूच असावी असा भास होतो. चित्राला मध्य नको, नायक नको, सुरुवात-शेवट नको, ही कल्पना त्याला तिथे प्रत्यक्ष बांधलेली दिसली. त्या काळच्या पॅरिसमध्ये ब्रशच्या उसळत्या फटकाऱ्यांतून मन मोकळं करणाऱ्या अमूर्त चित्रांची चलती होती. मोरेलेला त्या ‘स्फूर्ती’चा संशय होता. आपले आवडी-नावडीचे निर्णय जमतील तितके कमी करायचे, हा त्याने स्वतःला घालून दिलेला नेम. 1958 मध्ये त्याने पाय या संख्येचे सम-विषम आकडे घेऊन चार-चार काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या सहा वाटण्या केल्या. चार चौकोनांत काळं-पांढरं भरायच्या रीती फक्त सोळा. दोन वर्षांनी 40,000 चौकोन घेतले तेव्हा रीतींची संख्या लिहायलाच 12,042 आकडे लागले असते.

पण हा माणूस कोरडा हिशेबी नव्हता. लाल आणि निळा त्याने असे निवडले, की दोघांचा उजळपणा सारखा राहावा आणि डोळ्यांत दोघांची झटापट व्हावी. यामागे शरीरशास्त्रही आहे. डोळ्यातलं भिंग निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवतं, त्यामुळे दोन्ही रंग एकाच वेळी नीट नेमके दिसत नाहीत. नजर सतत सांधत राहते आणि चित्र थरथरतं. हा तोल साधणं कठीण होतं, कारण दिवसाच्या उजेडात निळा वर येतो आणि दिव्याच्या उजेडात लाल. 1963 च्या पॅरिस बिएनालेसाठी त्याने याच वाटणीची एक खोलीच उभी केली, म्हणजे माणूस आत शिरला की लाल-निळ्याची लढाई त्याच्याभोवती सुरू. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जवळजवळ दुखावं, हीच त्याची इच्छा होती. नियम थंड डोक्याने पाळायचा आणि त्याचा परिणाम अंगावर यावा, ही सांगड मला फार मोलाची वाटते.

‘हे तर कुणीही करेल’ असं अशा चित्रांबद्दल नेहमी म्हटलं जातं. करेल, आणि तसं करता यावं हेच मोरेलेला हवं होतं. 1971 मध्ये त्याने लिहून ठेवलं, की कलाकृती ही सहलीची जागा आहे; तिथे येणारा माणूस आपला डबा बरोबर घेऊन येतो आणि जे आणलं असेल तेच खातो. तुम्हाला जनावर दिसलं तर ते तुमच्या डब्यातलं.

मोरेलेच्या मित्रमंडळीत व्हेरा मोलनार होती. 1924 मध्ये बुडापेस्टला जन्मलेली, 1947 पासून पॅरिसची. 1959 पासून तिने ‘काल्पनिक यंत्र’ नावाची पद्धत चालवली: संगणक हाताशी नाही, तर आपणच यंत्र व्हायचं, साधे आकार आणि नियम ठरवायचे आणि त्यांच्या मांडण्या एकामागून एक हाताने काढत जायच्या. 1968 मध्ये तिला खरा संगणक मिळाला. तिचा शोध मोरेलेच्या उलट टोकाचा होता. मोरेलेने योगायोगाला पूर्ण मोकळीक दिली. मोलनार विचारत राहिली की किती थोडा योगायोग पुरतो. एकात एक बसवलेले चौरस, रांगेने मांडलेले, आणि त्यांत अवघी एक टक्का बेशिस्त. एखादी रेघ किंचित ढळलेली, एखादा कोपरा जागेवरून सरकलेला. एवढ्याने ती करकरीत जाळी श्वास घेऊ लागते. एक टक्क्याच्या ऐवजी तीस टक्के केलं तर पसारा होतो आणि पुन्हा कंटाळा येतो. ती हे वर्षानुवर्षं मोजत राहिली, आणि डिसेंबर 2023 मध्ये, शंभरावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, गेली.

जर्मनीत गेऑर्ग नेस यांनी 1968 च्या सुमारास ‘खडी’ नावाचं चित्र संगणकावरून काढलं. आडवे 12, उभे 22 चौकोन. वरच्या ओळी कवायतीत उभ्या. खाली जावं तसा प्रत्येक चौकोन थोडा अधिक तिरका, थोडा अधिक घसरलेला, आणि तळाशी सगळा ढीग. इथला गमतीचा भाग असा, की संगणक नाणं उडवत नाही. तो एका संख्येला गुणतो, भागतो, बाकी घेतो, आणि ती बाकी पुढच्या वेळी पुन्हा गुणतो. सुरुवातीची संख्या तीच ठेवली तर ‘योगायोग’ही तंतोतंत तोच पडतो, शेवटच्या तिरक्या चौकोनापर्यंत. म्हणजे इथे योगायोगच पुनरावृत्तीतून तयार केलेला आहे.

लंडनचा केनेथ मार्टिन जाळीवरच्या छेदबिंदूंना क्रमांक देऊन जोड्यांनी चिठ्ठ्या काढायचा आणि निघतील त्या दोन बिंदूंमध्ये रेघ ओढायचा. त्या मालिकेचं नाव ‘योगायोग आणि व्यवस्था’. गेरहार्ड रिश्टरने 2007 मध्ये कोलोनच्या कॅथेड्रलची एक भव्य खिडकी 72 रंगांच्या 11,000 हून अधिक काचांनी भरली, आणि कुठली काच कुठे याची सोडत संगणकाने काढली. तिथल्या कार्डिनलना ती आवडली नाही. देवळात संत आणि प्रसंग असावेत ही त्यांची अपेक्षा समजण्यासारखी आहे, पण जे देवाच्या हातचं मानलं जातं ते माणसाने आपल्या हाताने ठरवू नये, हा विचारही धार्मिकच म्हणायला हवा.

आता परत मोरेलेच्या लाल-निळ्याकडे, कारण त्यात एक गुपित आहे आणि ते गणिताने जवळजवळ त्याच सुमारास उघडलं. 1957 मध्ये सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमरस्ली या दोघांनी इंग्लंडमध्ये एक प्रश्न मांडला. गॅस-मास्कच्या गाळणीत कोळशाचे सच्छिद्र कण असतात. छिद्रं योगायोगाने उघडी किंवा बंद असतील, तर वायू या टोकाकडून त्या टोकापर्यंत पाझरेल का? चौकोनांच्या जाळीवर हाच प्रश्न असा होतो: लाल चौकोनावरून शेजारच्या लाल चौकोनावर पाय टाकत, निळ्याला न शिवता, चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेला जाता येईल का?

उत्तर दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग एकत्र वाचले की अंगावर काटा येतो. पाऊल फक्त कडेला कड लागलेल्या चौकोनावर टाकायचं ठरवलं, तर निम्मे-निम्मे असताना एवढ्या मोठ्या जाळीत लालला पलीकडे जाता येत नाही. निळ्यालाही नाही. दोघांचीही नुसती बेटं. पण कोपऱ्याला कोपरा लागलेल्या चौकोनावरही पाऊल चालेल असं म्हटलं, की लाल आरपार जातो. आणि निळाही आरपार जातो. दोन्ही रंग एकाच वेळी सगळ्या चित्रभर सलग, एकमेकांना कोपऱ्यांवर ओलांडत. समुद्र कुठला आणि जमीन कुठली हे म्हणूनच डोळ्याला ठरवता येत नाही. ती लढाई कधी संपत नाही याचं निम्मं कारण रंगांत आहे, आणि निम्मं ‘50 टक्के’ या चित्राच्या नावातच लिहिलेल्या आकड्यात.

समजा मोरेलेने सम-विषम सोडून दुसरा नियम केला असता आणि लाल 65 टक्के भरला असता. मग लाल कडेकडेने सलग होऊन चित्रभर पसरला असता, निळा त्यात विखुरलेली बेटं होऊन राहिला असता, आणि लढाई तिथेच निकालात निघाली असती. या दोन अवस्थांमधली सीमा हळूहळू येत नाही. जाळी जितकी मोठी, तितकी ती धारदार होत जाते, आणि ती 59.27 टक्क्यांच्या आसपास आहे. पन्नास नाही, साठ नाही, दोन तृतीयांशही नाही. हा आकडा नेमका हाच का, याचं सूत्र आजवर कुणालाही मांडता आलेलं नाही. त्याचे पुढचे दशांश हवे असतील तर सगळ्यांत साधा उपाय असा: संगणकावर चौकोनांची प्रचंड जाळी घ्यायची, एकेक चौकोन योगायोगाने रंगवायचा, वाट आरपार गेली का ते पाहायचं, आणि पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून रंगवायला लागायचं.